गावदेवीनं न दिलेला कौल

आमच्या वटारात, म्हणजे आळीत, माझ्या बोलण्याचा भाव ठरलेला आहे. मी अजगर सांगितला की ऐकणारे मनातल्या मनात गांडूळ धरतात. त्यात त्यांची काही चूक नाही. विहिरीत पडलेली म्हैस मी एकट्यानं शेपटीला धरून वर काढली, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की ती म्हैस आता मलाही ओळखीची वाटते. पण आज लिहितोय ते कुणी अर्धं करून वाचू नये. यातला सगळ्यात मोठा भाग माझा नाहीच.

माझा एकुलता एक मुलगा रुपेश तेलाच्या जहाजावर फिटर आहे. त्याचं जहाज ज्या समुद्रात होतं तिथं युद्ध पेटलेलं. फोनवर तो हसून म्हणायचा, "बाबा, आम्ही कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तेल भरायचं नि निघायचं." मीही बाजारात छाती फुगवून सांगायचो, की माझ्या पोराचं जहाज एवढं मोठं की मिसाईल आलंच तर आपटून परत जाईल. लोक हसायचे. मीही हसायचो. घरी आलो की मात्र टीव्हीपुढून हलायचो नाही.

त्या सकाळी मी वाडीत केळीचे लोंगर उतरवत होतो. सुमती, म्हणजे माझी बायको, फोन हातात धरून पळत आली. एरवी ती वाडीत चप्पल घातल्याशिवाय पाऊल टाकत नाही. त्या दिवशी अनवाणी होती. फोनवर कंपनीचा माणूस होता. जहाजाला मिसाईल लागलंय, आग आहे, माणसांनी पाण्यात उड्या टाकल्यात. आपल्या नौदलाचं एक जहाज मदतीला पोचलंय. काही सापडले, काही शोधतायत. नावं कळली की कळवतो. एवढं सगळं इतक्या गोड आवाजात, जणू लग्नाचं आमंत्रण देतोय.

मग टीव्हीवर ते जहाज दिसलं. मी आयुष्यभर गोष्टी फुगवल्या, पण तो धूर पाहिल्यावर मला त्यात भर घालायला काही सुचेना. डोकं मात्र स्वतःच गोष्टी रचत होतं, आणि सगळ्या वाईट. रुपेश इंजिनखोलीत असेल. जिना जळला असेल. लहानपणी वाडीतल्या विहिरीत पोहायला मीच त्याला शिकवलं, पण विहिरीला काठ असतो. फोन वाजला की आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसायचो, उचलायचा कोणी या विचारात. एकदा कर्जवाल्या कंपनीची बाई निघाली. सुमतीनं तिलाच विचारलं, "रुपेशचं काय कळलं का हो?"

दुपारी बसवेना. मी म्हटलं, "चल, गावदेवीला कौल लावू." आमच्याकडे अडल्यानडल्याला ही रीत आहे. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

आता खरं सांगतो. देवळात शिरताना एकच मनात होतं. डावी पडली तर? सुमती कोसळेल. माझं काय होईल याचा विचार करायचीही हिंमत नव्हती. सकाळचा केळीचा चीक माझ्या बोटांवर होताच, शिवाय येताना मी एक पान मोडून घेतलं होतं. केळीच्या चिकाबद्दल मी सांगत आलोय की आमच्या आजोबांनी त्यानं गाडीचं मोडलेलं जू जोडलं होतं. तेव्हा मनाशी ठरवलं, डाव्या पाकळीला गुपचूप थोडा चीक लावायचा. ती पडणार नाही. उजवी कधीतरी पडेलच. देवीनं हो म्हटलं की झालं.

पुजारी गजाभाऊला म्हटलं, "आज मी लावतो पाकळ्या, पोराचा बाप आहे." तो बिचारा बाजूला झाला. मी दोन्ही पाकळ्या लावल्या, हात जोडले, आणि आम्ही बसलो.

पाकळ्या पडेनात. वारा आला, तरी पडेनात. गजाभाऊनं आरतीची घंटा वाजवून पाहिली, तरी नाही. तो म्हणाला, "एवढा वेळ देवी कधी घेत नाही हो. काय विचारलंत तरी काय?" सुमतीची नजर माझ्या हातांवर गेली. बोटं चिकानं काळी पडली होती, दहाच्या दहा. ज्या बोटांनी डावी लावली त्याच बोटांनी मी उजवीही लावली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "देवीलाही थाप मारायला निघालात?"

मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर ओरडेल. मी म्हटलं, "धुऊन येतो, दुसऱ्या लावू."

"नको," ती म्हणाली. "राहू दे. व्हायचंय ते व्हईल, माझ्या पोराला हो नि नाहीच्या मधी कशाला टांगता? तिला इचारायचं नाय. मागायचं." आणि पदर पुढे पसरून ती मोठ्यानं बोलली, "आये, त्या पान्यात मी नाय, तू हायस. त्याला कोनाचा तरी हात लागू दे. आनि लागला तर सुटू दिऊ नको. बाकी तू नि तो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला बोलायचं होतं, नवस, चांदीचा डोळा, पाच नारळ, काहीतरी मोठं. त्याऐवजी मी माझे ते काळे हात उताणे मांडीवर ठेवले आणि बसून राहिलो. भीती गेली नव्हती. पण देवाशी भाव करणं थांबलं, एवढं आठवतं.

तिन्हीसांजेला गजाभाऊ दिवा लावत होता तेव्हा फोन वाजला. लांबलचक अनोळखी नंबर. "बाबा." बस, तेवढ्यावर सुमती खांबाला टेकून खाली बसली.

रुपेशनं धापा टाकत सांगितलं. उडी मारली, पण पाण्यावर तेलाचा थर, त्याला आग. नौदलाची रबरी होडी धुरातून आत आली तेव्हा वर ड्रोन घोंघावत होते. होडीतल्या नौसैनिकानं हात दिला, तेलानं तो निसटला. पुन्हा दिला, पुन्हा निसटला. तेव्हा त्यानं स्वतःच पाण्यात उडी घेतली आणि रुपेशला मागून कवेत धरलं. "बाबा, त्याचा दंड भाजला होता, तरी मला सोडलं नाही त्यानं." मी सुमतीकडे पाहिलं. ती डोळे मिटून होती.

मग फोनवर दुसराच आवाज आला, तरुण, थकलेला, हसरा. "अंकल, बेटा बहुत भारी है आपका! क्या खिलाते हो?"

अशा प्रश्नाला माझ्याकडे एरवी अर्ध्या तासाचं उत्तर असतं. मी म्हणालो, "केला, बेटा." आणि रडायला लागलो. तो म्हणाला, "रोना नहीं, अंकल. अभी और लोग हैं पानी में, जाता हूँ." मागून कोणीतरी हाक मारत होतं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

रुपेश घरी आला, आता बराय. त्यालाही नाव ठाऊक नाही. काजळीत नुसते दात दिसत होते म्हणतो. हे सगळं कसं घडलं ते मी कुणाला पटवत नाही. मला एवढंच कळलं की आपला हात जिथं पोचत नाही तिथं पोचणारे हात असतात, आणि ते कोणाचे असावेत हे ठरवणं आपल्याकडे नाही. युद्ध अजून संपलेलं नाही. तो पोरगा कुठल्या तरी जहाजावर आहे, आणि कुठल्या तरी गावात त्याची आई फोनकडे बघत बसली असेल. म्हणून आमच्या घरी रोज दिवा लागला की सुमती आधी त्याच्यासाठी मागते, मग रुपेशसाठी. नावावाचून मागते. कोणासाठी ते देवीला कळतं.