झाकणावरचा पोचा

वयाची अठ्ठावन्न उलटली तरी घरच्यांच्या तोंडी तो धाकटाच राहिला होता. गॅरेजमध्ये मात्र त्याला मिस्त्री म्हणत, आणि तेही मानाने. आपटलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. पोचा आलेल्या दारावरून तो आधी डोळे मिटून तळहात फिरवी. मग आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीचे हलके टोले घाली. गाडीचा मालक आला की तो म्हणे, "शोधा आता कुठे होता ते." मालक वाकून, तिरपं होऊन बघे आणि हात टेके.

एका सोमवारी दुपारी त्याची वहिनी टेम्पोतून गॅरेजच्या दारात उतरली. अकरा वर्षांत ती त्याच्याकडे पहिल्यांदाच येत होती. टेम्पोवाल्याने मागून एक गंजका, मोठा गोळा खाली उतरवला.

"भाऊजी, ओळखलंत का हे?"

न ओळखून कसं चालेल? वडिलांची शेगडी होती ती. गोल बुडाचं भांडं, वर घुमटासारखं झाकण, तीन पाय आणि त्यातल्या दोन पायांना चाकं. खाली कोळसा, वर जाळी, आणि झाकण लावलं की धग आतल्या आत फिरून वरचं सगळं खरपूस भाजून निघे. वडील कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होते. कँटीन बंद पडलं तेव्हा त्यांनी ती घरी आणली. पुढे कित्येक रविवार अंगणात ती पेटली आणि दोघा भावांनी भाजलेल्या बटाट्यांवरून मारामाऱ्या केल्या.

"ह्यांना दवाखान्यातून घरी सोडलंय," वहिनी म्हणाली.

"बरा झाला दादा?"

"घरी सोडलंय," तिने पुन्हा तेच सांगितलं. मग त्याला समजलं.

"शेगडी एकदा पेटलेली बघायचीय म्हणतात. आणि धाकट्याकडेच दे म्हणाले, दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नको."

वहिनी गेल्यावर शेजारच्या पेंटरने मान लांब करून पाहिलं. "काय मिस्त्री, आता शेगड्यांचेही अपघात व्हायला लागले का?"

मिस्त्री हसला नाही. पेंटरनेही मग तोंड आवरलं.

दोघा भावांचं बोलणं बंद झालं त्याला कारण होते वडील. ते अर्धांगाने सहा वर्षं अंथरुणावर होते आणि त्या सहा वर्षांत त्यांचं सगळं दादाने आणि वहिनीने काढलं. धाकटा त्याच शहरात, बसने पाऊण तासावर राहत होता. पहिल्या महिन्यात तो दोनदा गेला. वडिलांचं वाकडं झालेलं तोंड त्याला बघवेना. मग कामाचं निमित्त झालं, आणि निमित्त संपल्यावर लाज वाटायला लागली. जितके दिवस जात तितकं पाऊल जड होई. घरून दुरुस्तीला आलेल्या वस्तू तेवढ्या तो नीट करून पाठवायचा. चाकांची खुर्ची वाकलेलं चाक सरळ करून पाठवली, पलंगाची मोडलेली दांडी जोडून पाठवली. स्वतः गेला तो थेट वडील गेल्यावर. दादा दारातच उभा होता. "आता कशाला आलास?" एवढंच तो म्हणाला. धाकटा फाटकातूनच परतला.

आता दादाने आपणहून हाक मारली होती. जायच्या आत त्याने आपल्याला एकदा माफ करावं, दुसरं काहीही धाकट्याला नको होतं. पण माफी मागायची म्हणजे बोलावं लागणार. त्यापेक्षा शेगडी अशी करून न्यायची की दादाने न सांगताच ओळखावं.

चार दिवस त्याने गाडीला हात लावला नाही. पायांचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. ते तेल पाजून, तापवून सोडवले. भांड्याच्या बुडाची हवेची झडप राखेने घट्ट धरली होती, ती मोकळी केली. तारेच्या ब्रशने आतबाहेर घासून गंज उतरवला. लाकडी मूठ करपली होती, तिच्या मापाची नवी घडवली.

राहता राहिलं झाकण. त्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा खोल पोचा होता. भोवतीचा जुना मुलामा केव्हाच उडाला होता. हा पोचा त्याला चांगला ठाऊक होता, कारण तो त्यानेच आणलेला. सातव्या वर्षी झाकण उलटं करून तो त्यात बसला आणि गच्चीच्या जिन्यावरून घसरत खाली आला. खालच्या खांबाने त्याला थांबवलं. वडील धावत बाहेर आले, तोवर दहा वर्षांचा दादा पुढे झाला. "मी बसलो होतो," तो म्हणाला. त्या दिवशी पट्टा दादाच्या पाठीवर पडला आणि धाकटा पाण्याच्या टाकीमागे बसून आवाज मोजत राहिला.

आपल्यामुळे आलेला पोचा आपणच काढायचा, असं त्याने ठरवलं. गाडीच्या पत्र्यावर थोडी पुट्टी भरून भागतं, पण पुट्टी आगीत टिकत नाही. नुसत्या हातोडीनेच घुमट जमवायचा होता. पूर्ण दिवस गेला. शेवटी त्याने डोळे मिटून हात फिरवला आणि बोटं कुठेच अडखळली नाहीत. मग आच सोसणारा काळा रंग दिला. पेंटर म्हणाला, "मिस्त्री, कारखान्यातून आत्ता निघालीय जशी." आयुष्यात एवढं चांगलं काम आपण केलं नाही, असं मिस्त्रीला वाटलं.

रविवारी सकाळी तो शेगडी घेऊन भावाच्या घरी गेला. दादाला अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. शालीतून फक्त चेहरा आणि हात दिसत होते, आणि हात तर निव्वळ हाडंच.

"ये बारक्या. जाड झालास की."

"तू मात्र फारच बारीक झालास."

"डॉक्टरांनी डाएट दिलंय," दादा म्हणाला, आणि वहिनी रागाने आत निघून गेली.

धाकट्याने शेगडी पुढे सरकवली. दादाने वाकून झाकणावर हात ठेवला आणि सरळ डाव्या अंगाला नेला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"इथला कुठे गेला?"

"काढला." आवाजातला अभिमान त्याला लपवता आला नाही. "शोध, सापडतोय का."

दादा शोधत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हात मागे घेतला.

"वर्षभर पडून होतो ना, तेव्हा रोज खिडकीतून तो पोचा बघायचो. म्हणायचो, एकेकाळी ह्या गाढवावर आपला एवढा जीव होता. त्याच्यासाठी मार खाल्ला होता. तेवढंच धरून राग जरा कमी व्हायचा." त्याला धाप लागली. "म्हटलं, तुझ्याकडे पाठवावी. तू बघशील, तुला आठवेल, आणि येऊन काहीतरी बोलशील."

"आठवलं ना. म्हणून तर काढला."

"तुझं असंच रे. बाबांची खुर्ची पाठवलीस तीही अशीच, नवीकोरी. काही झालंच नव्हतं असं करून परत देतोस." त्याने शाल सावरली. "आता तरी बोल की काहीतरी."

 बाबांचं तोंड बघवत नव्हतं हे धाकट्याला सांगायचं होतं. कितीदा कोपऱ्यापर्यंत येऊन तसाच परतलो हे सांगायचं होतं. चुकलो, एवढा एक शब्द तरी म्हणायचा होता. दादा वाट बघत होता.

"पायांना खालून रबर बसवू का?" तो म्हणाला. "फरशीवर चरे नाही पडणार."

दादा हसला. हसता हसता ठसका लागला. वहिनी पाणी घेऊन धावत आली आणि पाठ चोळत म्हणाली, "झालं आजचं, आता आडवं व्हा." दादाला आत नेलं. शेगडी पेटवायची राहूनच गेली. निघताना वहिनी म्हणाली, "पुढच्या रविवारी या भाऊजी, कोळसा मी आणून ठेवते."

त्या आठवड्यात मिस्त्रीने रोज काम करता करता पुटपुटून वाक्यं जुळवली. एक मोडलं की दुसरं. पेंटरला वाटलं, हा फोनवर बोलतोय. गुरुवारी कुठे त्याला हवं तसं वाक्य जमलं, साधं आणि लहान.

शुक्रवारी पहाटे दादा गेला.

रविवारी धाकटा तरीही गेला, ठरलेल्या वेळी. लोक येऊन गेले होते, घर रिकामं होतं. वहिनी टेबलाशी बसून उरलेली औषधं एका पिशवीत भरत होती. तो समोरच्या खुर्चीवर बसला आणि जणू वाटेतच सुरुवात केली असावी तसा बोलत सुटला. बाबांचं तोंड, कोपऱ्यापासून परतणं, लाज, चुकलो, सगळं. एकदाही न अडखळता.

वहिनीने पिशवीची गाठ मारली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज मऊ होता.

"मला सांगून आता काय होणार भाऊजी?" ती म्हणाली. "ते दर रविवारी फाटकाची कडी वाजली की मला म्हणायचे, बघ गं, धाकटा आला असेल. अकरा वर्षं."