सोन्यावर उमटलेली खाच

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘काकू’च म्हणत. मुलं मार्गी लागल्यावर ती पुन्हा संशोधनाकडे वळली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “या वयात कसली गं शाळा?”

“शाळा नाही, प्रयोगशाळा,” म्हणत काकूने चपला पायात सरकवल्या होत्या.

तिचं काम होतं अतिसंवाहक स्फटिकांवर अवरक्त प्रकाश टाकायचं. असे स्फटिक पुरेसे गार केले की त्यांतले इलेक्ट्रॉन जोड्या जमवून बिनविरोध वाहू लागतात. जोडी फोडायला जी किमान ऊर्जा लागते, ती ‘ऊर्जाफट’. त्याहून कमी ऊर्जेचा प्रकाश जवळजवळ सगळा परत येतो; जास्त असला की थोडा गिळला जातो. परतलेला प्रकाश मोजून ती फट हुडकायची.

एका सकाळी आलेखात फटीची खूण वाटणारी अशी ठसठशीत खाच उमटली की तिच्या सरांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. त्यांनी लगेच परिषदेतलं भाषण लिहायला घेतलं. काकूला मात्र ती खाच पटेना. तिने स्फटिक थोडा तापवून त्याची अतिसंवाहकता घालवली. खाच जागची हलली नाही.

“सर, जोड्या फुटल्या तरी फट तशीच?”

“या स्फटिकांत तिचा अंश उरतो, काकू.”

“उरतो, पण विरत जातो. ही तसूभरही विरली नाही. स्फटिकावर सोन्याचा पातळ थर चढवू. सोनं काही अतिसंवाहक होत नाही. तरी खाच दिसली, तर ती स्फटिकाची नाही, आपल्या यंत्राची.”

“अहो, परिषद तोंडावर आली!”

“म्हणूनच म्हणते. तिथे तोंडघशी पडण्यापेक्षा इथेच पडू.”

सोन्यावरही तीच खाच दिसली. सर मटकन खुर्चीत बसले. काकूने बाह्या सरसावल्या आणि स्फटिक ठेवलेल्या निर्वात कक्षाचा सांधा न् सांधा तपासला. प्रकाश आत सोडणाऱ्या खिडकीखालची रबरी कडी चिरली होती. तिथून शिरणाऱ्या हवेतली वाफ गार स्फटिकावर बर्फ होऊन बसत होती आणि तो बर्फच प्रकाश गिळत होता; थोडा तापवलेला स्फटिकही बर्फ वितळण्याइतका गरम नव्हता.

कडी बदलली, नवा स्फटिक बसवला. खाच नाहीशी झाली. उरला एक पसरट उतार, गार केल्यावर स्पष्ट होणारा, तापवल्यावर हळूहळू विरणारा. दिसायला यथातथाच, पण खरा.

“हेच सांगायचं,” सर म्हणाले, “आणि तुम्हीच सांगायचं.”

परिषदेत काकूने आधी बर्फाची फजिती सांगितली, सभागृह खळखळून हसलं. मग उतार दाखवला. भाषण संपताच दुसऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई पुढे आल्या. “आमचाही स्फटिक तपासून द्याल?”

“देईन की,” काकू म्हणाली. “पण सोनं चढवल्याशिवाय निकाल देणार नाही. चालेल?”