नवग्रह रायरांची दुपार

आमच्या व्यंकटरमण काकांना कुंभकोणमच्या बस स्टँडपासून तिरुनल्लारच्या चहावाल्यापर्यंत सगळे ‘नवग्रह रायर’ म्हणतात. रायर म्हणजे राव. तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून इथे राहून घरात मराठी बोलणाऱ्या आम्हा लोकांना इथले तमिळ शेजारी तशीच हाक मारतात. आणि नवग्रह अशासाठी, की सूर्यापासून केतूपर्यंत नऊ ग्रहांची नऊ देवळं आमच्या कुंभकोणमच्या चारी बाजूंना विखुरलेली आहेत, आणि काका बावीस वर्षं भाविकांना ती नऊच्या नऊ एका दिवसात करवून आणतात. पहाटे साडेपाचला निघायचं, संध्याकाळी साडेसात-आठला परत. दोनशे सत्तर किलोमीटर.

काका स्वतः एकाही देवळात शिरत नाहीत. स्टिअरिंगवरच हात जोडतात आणि प्रवाशांना वेळा सुनावतात. “साडेबाराला दार लागतें. एक मिनिट आधीं पोचलात तर देव दिसेल, एक मिनिट नंतर पुजाऱ्याची पाठ.” पुण्याच्या एक बाई हे ऐकून सीटवर उड्याच मारायला लागल्या होत्या. “अय्या, तुम्ही अगदी बखरीतलं बोलता हो! एकदा ‘मज ठाऊक नाहीं’ म्हणा ना, प्लीज!” काका म्हणाले, “यांत हसण्यासारखें काय तें मज ठाऊक नाहीं.” बाईंनी ते रेकॉर्ड करून घेतलं.

साडेबारा ते चार देवळं बंद असतात. तेव्हा काका प्रवाशांना वैदीश्वरन कोविलच्या लॉजवर जेवायला सोडतात, डिकीतून गवताची चटई काढतात आणि तळ्याकाठच्या मंडपात एक ते साडेतीन झोपतात. फोन बंद. ही झोप चैनीची नाही. सोळा वर्षांपूर्वी काका दुसऱ्याची गाडी चालवायचे. मालकाने एकदा त्या तीन तासांत गावातलं दुसरं भाडं लावून दिलं. संध्याकाळी तिरुनल्लारहून परतताना काकांचा डोळा लागला आणि गाडी भाताच्या खाचरात गेली. तिरुप्पूरच्या एका बाईंच्या गळ्याचं हाड मोडलं. त्या बाई अजून दर पोंगलला फोन करतात, आणि काका अजून तो फोन उभे राहून घेतात.

त्यानंतर वर्षभरात काकांनी स्वतःची डिझेल गाडी घेतली. गाडी आपल्या नावावर असली की दुपारही आपली, एवढंच त्यांचं गणित.

या वर्षी त्या गाडीची पंधरा वर्षं भरत आली. पुन्हा डिझेल घेणं झेपणारं नव्हतं. इलेक्ट्रिक घ्यावी तर तीत दोन प्रकार. बेस व्हेरियंट काकांना एकट्याला जमण्यासारखा, पण बॅटरी लहान. टॉपची बॅटरी मोठी, आणि ती घ्यायची तर बालाजीमामा मध्ये येणार. बालाजीमामा म्हणजे आमच्या भुवनेश्वरी काकूंचा धाकटा भाऊ, सहा गाड्यांचा मालक. तो बोलतो तेव्हा समोरच्याला आपण बहिरे आहोत असं वाटतं.

“भावोजी! टॉप मी घेतों! गाडी माझ्या नावावर, पगार तुम्हांस! तुम्ही नुसती किल्ली फिरवा!”

“त्या गाडीला किल्लीच नाहीं, बटण आहे,” काकू म्हणाल्या.

“तर बटण दाबा! फक्त तें दुपारचें झोपणें सोडा, भावोजी. तीन तास गाडी उभी? सीर्काळी स्टेशनचीं दोन भाडीं होतात तितक्यांत!”

काकांनी पान चावायचं थांबवलं. “विचार करून सांगतों,” म्हणाले. विचार काय करायचा ते आम्हाला तिथेच कळलं. लहान बॅटरीवर नऊ देवळं होत असतील, तर काका काकांचे. नाहीतर काका बालाजीमामाचे.

शोरूममध्ये करण नावाचा विक्रेता होता. गळ्याला टाय, पायात चप्पल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘सार’.

“बेस अडीचशे किलोमीटर सार, टॉप चारशे वीस सार. सर्टिफाइड सार.”

“कुठल्या रस्त्यावर?” काकांनी विचारलं.

“टेस्ट ट्रॅकवर सार.”

“त्या ट्रॅकवर देवळें किती?”

करणने माहितीपत्रक उलटून पाहिलं. शपथेवर सांगते, पाहिलं.

काकूंनी मराठीतच काकांना विचारलं, “हा खरें बोलतो कां?” दुकानात आम्ही असंच बोलतो, म्हणजे दुकानदाराला कळत नाही. करण आदराने मान हलवत राहिला. त्याला ती तेलुगू वाटत होती.

मग करणने हुकमाचं पान काढलं. इलेक्ट्रिकला तमिळनाडूत रोड टॅक्स नाही सार. शिवाय कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये दीड लाखापर्यंत सूट सार! काका दोन दिवस त्या दीड लाखावर तरंगत होते. हा फायदा धरला तर टॉपसुद्धा आपल्या नावावर ओढून ताणून बसेल, असं त्यांनी कागदावर बसवलंही होतं. मग आमच्या गल्लीतल्या टॅक्सवाल्या गायत्रीअक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. “ती सूट मार्च दोन हजार तेवीसपर्यंत मंजूर झालेल्या कर्जाला होती, रायर. आता नवीन कर्जाला नाही.”

“आणि असती तरी,” काकू म्हणाल्या, “आपण इन्कम टॅक्स भरतों कधीं?”

काका तीन दिवस कॅलेंडरसमोर बसून होते. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीतून ओल्या केसांनीच धावत बाहेर आले.

“देवळें झोपतात कीं!”

“काय?”

“साडेबारा ते चार. तेव्हांच गाडीला चार्जिंगला लावायचें! सीर्काळीस चार्जर आहे, वैदीश्वरनहून सात किलोमीटर. सकाळीं सहा देवळें, दुपारीं चार्जिंग, नंतर तीन. बेस पुरते, भुवना!”

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांनी तक्ता केला. नऊ देवळांच्या उघडण्याच्या वेळा, मिटण्याच्या वेळा, प्रवाशांच्या जेवणाची वेळ, गाडीच्या चार्जिंगची वेळ. एकही चुकली नव्हती. बावीस वर्षांत त्यांची एकही वेळ चुकलेली नाही. त्या तक्त्यात कुणाची वेळ लिहायची राहिली ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मला वाटतं मी सगळं ऐकते.

महिनाअखेर होती आणि करणच्या दोन गाड्या खपायच्या राहिल्या होत्या. त्यामुळे रविवारी तो बेसची डेमो गाडी घेऊन आमच्या दारात हजर. “गाडी सोडून मला जाता येत नाही सार, मीपण येतो सार.” डिकीत सामानाच्या वजनाला तांदळाची दोन पोती ठेवली. पुढे काकू, मागे करण आणि मी. काकांनी मला बजावलं, “मधू, तूं प्रवासी. प्रवासी जें जें मागतात तें सगळें माग.”

असं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. गावाबाहेरच्या तिरुवलंचुळीला बॅटरी सत्त्याण्णव टक्के असतानाच मी चेन्नईहून येणारी एक प्रवासी मामी झाले. “ड्रायव्हर, एसी वाढवा, माझ्या बीपीला उकडतंय!” तिंगळूरला चंद्राच्या दारात एक्याऐंशी. तिथून पुढे मी ईरोडचे हळदीचे व्यापारी, जे अकरा वर्षं दर पोंगलनंतर काकांच्याच गाडीने येतात. घसा खाकरत, शब्द मोजून. “रायर. त्या झाडाखाली. जरा. थांबा.” काका आरशात बघून हसले. आलंगुडीला त्रेपन्न. तिरुनागेश्वरमला एक्केचाळीस, तेव्हा मी पुण्याची बाई होते आणि करणसुद्धा ‘अय्या’ म्हणायला शिकला होता. सूर्यनार कोविल, कंजनूर. मग वैदीश्वरनला बरोबर बारा टक्के, आणि गाडीने टुंग टुंग करायला सुरुवात केली.

“हें काय म्हणते?” काकांनी विचारलं.

“भूक लागली म्हणते सार,” करण म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

सीर्काळीच्या चार्जरला गाडीत खुपसायची गन एकच, आणि तिला आधीच एक गाडी लटकलेली. तिचा मालक जेवायला गेला होता. डोक्यावर पत्रा, बाजूला हायवे, झाड नाही. काका त्या पत्र्याखाली उभे राहिले. मालक आला, गाडी काढली, आमची लागली. पण पडदा बघत राहावं लागत होतं, कारण मध्येच एकदा वीज दबली आणि चार्जिंग थांबलं. काकांनी ते पुन्हा सुरू केलं. काकूंनी दिलेला दहीभात त्यांनी उभ्यानेच खाल्ला. पावणेचारला नव्वद टक्के झाले तेव्हा काका मुठी वळून म्हणाले, “झालें! बघितलेंत? झालें!”

खरंच झालं होतं. तिरुवेण्काडू, कीळपेरुंपळ्ळम, तिरुनल्लार. नऊच्या नऊ. करणने बुकिंगचा फॉर्म मांडीवर घेऊनच ठेवला होता. परतीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी दमले होते, माझ्यातले सगळे प्रवासी संपले होते. करण घोरत होता. गाडीला इंजिनाचा आवाजही नाही. नुसती थंड हवा आणि रस्ता.

आधी काकूंचा आवाज आला. ओरडल्या नाहीत. उजवा हात स्टिअरिंगवर ठेवून एवढंच म्हणाल्या, “अहो.”

गाडी पांढरी रेघ ओलांडून उजवीकडे चालली होती. काकांनी डोळे उघडले, गाडी सरळ केली, पुढे नेऊन कडेला उभी केली. समोरून गेलेल्या लॉरीचा हॉर्न बराच वेळ ऐकू येत राहिला. दोन्ही बाजूंना भाताचीच खाचरं होती.

काकूंनी पडद्याकडे बोट दाखवलं. “गाडींत अडतीस आहेत. तुमच्यांत किती उरलेत?”

काकांचे हात स्टिअरिंगवर होते आणि मला मागून त्यांची मान तेवढी दिसत होती. ती मान मला आजही करून दाखवता येत नाही. करण जागा होऊन म्हणाला, “पोचलो सार?”

बाकीचा रस्ता काकूंनी मला गप्प बसू दिलं नाही. “बोल. कुणीही हो, पण बोल.” मी चेन्नईची मामी झाले, पण या वेळी मामीला उकडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बालाजीमामा आला. काका जे सांगणार होते ते सांगायला त्यांना दोन पानं खावी लागली.

“बेस घेतों. माझ्या नावावर.”

“आणि नऊ देवळें?”

“पांच. सकाळचीं पांच, मग घरीं. उरलेलीं चार दुसऱ्या दिवशीं.”

“भावोजी, दोन दिवस कोण काढतो हो! लोक फोन ठेवतील!”

“ठेवूं देत.”

“अहो, तुम्ही नवग्रह रायर! पंचग्रह रायर म्हणवून घेणार?”

काकू आत गेल्या. काका जागेवरून हलले नाहीत. “दुपारचीं भाडीं मारायला मज येत नाहीं, बालाजी,” एवढंच म्हणाले.

गाडी आली. नंबरची हिरवी पाटी, पिवळी अक्षरं, कागदावर आर. व्यंकटरमण राव. पहिल्या आठवड्यात नऊ फोन आले. मी मोजले, कारण प्रत्येकाला काका तेच वाक्य सांगत होते. “पांच होतात. नऊ नाहीं होत.” सात जणांनी ‘कळवतो’ म्हणून ठेवला. आठवे ईरोडचे हळदवाले. घसा खाकरला.

“रायर. अकरा वर्षं. नऊ. नाही?”

“तुमच्यापाशीं एकच दिवस आहे कां?”

“एकच.”

काकांनी त्यांना बालाजीमामाचा नंबर दिला. एकेक आकडा, सावकाश, दोनदा.

पोंगलनंतरच्या रविवारी काका नवव्या फोनवाल्या दोन रिटायर्ड शिक्षिकांना घेऊन सूर्यनार कोविलला गेले. मीही बरोबर होते. आमच्या शेजारी बालाजीमामाची नवी टॉप गाडी येऊन थांबली. हळदवाले उतरले, काकांना पाहून ओशाळले आणि नमस्कार करून कुटुंबासह आत गेले. काका त्या गाडीच्या ड्रायव्हरपाशी गेले. तिशीतला माणूस होता, लाल डोळ्यांचा.

“दुपारीं झोपायला मिळतें कां?”

तो हसला. “झोप कुठली अण्णा? दुपारी मालकांनी सीर्काळी स्टेशनच्या दोन ट्रिपा लावल्यात.”

काका तिथेच उभे राहिले. शिक्षिका देवळातून परत आल्या, गाडीत बसल्या, तरी काका उभेच. हळदवाले बाहेर आले तसे त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, “परत येतांना तुम्ही पुढें बसा. त्याच्याशीं बोलत राहा. कांहींही बोला, पण थांबूं नका. आणि पोचलात कीं मज फोन करा.”

“का. रायर?”

“करा.”

पाच देवळं करून आम्ही एकला घरी आलो. काकूंनी ताट वाढलं. काका जेवले, ओसरीवर चटई अंथरली, आडवे झाले. फोन मात्र या वेळी चालूच, उशाशी. दोन वाजले, तीन वाजले. साडेतीनला मी पाहिलं तर काका छताकडे बघत होते. चार, पाच, सहा. काकू चहा ठेवून गेल्या, त्यावर साय आली.

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. काका उभे राहिले आणि मग उचलला.

“पोचलो. रायर. पुढं बसलो होतो.”

काकांनी फोन ठेवला, चटई गुंडाळली आणि उद्या सकाळी निघायची वेळ काकूंना सांगायला आत गेले.