गारठ्यात हललेली रेघ

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. उपग्रहात बसणारी अणुघड्याळं आधी तिच्या हाताखालून जात. हवा काढून घेतलेल्या पोलादी टाकीत ती त्यांना कधी भाजून काढी, कधी गोठवी. वर जे सोसायचं ते आधी इथे सोसा, म्हणायची. घरी मात्र ती कधीच वेळेवर पोचत नसे. "जगाची वेळ सांभाळते आणि आमचं जेवण निवतं," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

उड्डाण तोंडावर आलं होतं आणि शेवटचं घड्याळ टाकीत होतं. टाकी गार होत असताना पडद्यावरची, दोन घड्याळांतला फरक दाखवणारी रेघ जेमतेम दिसेल इतकी उडाली आणि पुन्हा सरळ झाली. चूक सेकंदाच्या अब्जाव्या भागाची, पण तेवढ्याने उपग्रहाने दाखवलेला जमिनीवरचा ठिकाणा फूटभर सरकतो. शिवाय आज एवढी, उद्या केवढी?

दोष तुलनेसाठी लावलेल्या घड्याळाचा असेल, असं साहेबांचं म्हणणं पडलं. तिने ते बदललं आणि टाकी पुन्हा गार केली. या खेपेला रेघ जागची हलली नाही. तिच्या हातात आता पुरावा उरला नाही; पण दोष अधूनमधून डोकावणारा असेल, तर तो वर गेल्यावर पुन्हा उमटणार. टाकी उघडली तर चाचणी पहिल्यापासून, आणि उड्डाण लांबणार.

साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "सही तुमची आहे. तुम्ही ठरवा."

घरी नवऱ्याने विचारलं, "आणि तुलाच भास झाला असेल तर?"

"तर तोंडघशी पडेन," ती म्हणाली.

सकाळी तिने टाकी उघडायला लावली. सगळे भोवती जमले. भिंगातून घड्याळाचा एकेक सांधा पाहिला, सगळं ठाकठीक. कुणीतरी खाकरलं. तरी तिने थंड वायूचा फवारा मागवला आणि सांध्यांवर एकेक करून मारायला लागली. साहेब स्वतः बॅटरी धरून वाकले होते.

"थांबा," तेच म्हणाले. "तो कडेचा. पुन्हा मारा."

गारठ्याने आक्रसलेल्या त्या सांध्यात केसाएवढी चीर उघडली, आणि ऊब लागताच मिटली.

उड्डाण लांबलं. वरच्यांची बोलणी साहेबांनी एकट्याने खाल्ली. तिने बदली घड्याळ टाकीत ठेवलं, आणि झाकणाचे बोल्ट साहेबांनीच आवळले.