दीड बोट माया

"दीड बोट माया ठेवा, माणूस वाढतोच," असं मास्तर कपडे शिवायला देणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. कपडा अंगाला दाटला की तेवढं उसवून सोडायचं. चाळीस वर्षं त्यांनी मायेशिवाय साधी उशीची खोळही शिवली नाही.

मग पाठीच्या दुखण्यात उजव्या पायाची नस गेली आणि पाऊल लोंबायला लागलं. चालताना बोटं जमिनीला अडकत. धाकटी बहीण चार दिवसांसाठी आली ती चार महिने राहिली. रोज सकाळी ती दादाला दंडाला धरून दुकानात सोडायची, संध्याकाळी परत आणायची. तिकडं तिचा नवरा एकटा भांडी करपवत होता. महिनाअखेरीला तिला परत जाणं भाग होतं. तोवर दादा एकटा चालला नाही, तर दुकानाला कुलूप घालून त्याला आपल्या घरी न्यायचं, असं तिनं ठरवलं आणि तसं सांगितलं. मास्तरांनी उठून मशीनला तेल घातलं.

पाऊल वर धरून ठेवणारा प्लास्टिकचा तयार साचा दवाखान्यात मिळत होता. मास्तरांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि कुणाच्या मापाचा म्हणून विचारलं. सगळ्यांच्या, असं उत्तर आलं.

"म्हणजे कुणाच्याच नाही," म्हणून त्यांनी तो परत दिला.

बहिणीची मुलगी कारखान्यात यंत्रांच्या भागांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची. ती सुट्टीला आली, तशी मामांनी तिच्याशेजारी स्टूल ओढलं. पहिल्या दिवशी त्यांनी खडूनं थेट स्क्रीनवरच खूण केली. भाचीनं ती पुसली. माउस ते इस्त्रीसारखा दाबून धरायचे. मिलिमीटर हा सुतापेक्षाही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षाही, बारीक असतो हे कळल्यावर त्यांना त्याच्याविषयी आदर वाटू लागला. पण जीव जडला तो अन-डूच्या बटणावर.

"अर्धा जन्म उसवण्यात गेला," ते म्हणाले, "आणि इथं एका बोटाचं काम."

मग विनाकारण रेघा काढून उसवत बसले.

आठवड्याभरात पोटरीपासून तळव्यापर्यंतचा साचा स्क्रीनवर उभा राहिला. भाचीनं तो कारखान्यातल्या थ्रीडी प्रिंटरवर छापून आणला. मास्तरांनी पाय आत घातला, तर शेजारी लोडसुद्धा मावला असता. भाचीनं आकडे तपासले. सगळीकडून दीड बोट जास्त.

"मामा, हे प्लास्टिक आहे. हे आत घेता येत नाही."

"सवयीनं झालं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मन घट्ट करून नेमकं माप घातलं. सकाळी साचा कातडीसारखा बसला. संध्याकाळी पाय सुजला आणि काढताना बहिणीला टाच ओढावी लागली. ती घामाघूम होऊन म्हणाली की आता पुरे, उद्या दादाचं सामान बांधते. मास्तर पोटरीवरचा लाल वळ न्याहाळत होते. वळ सगळीकडं नव्हता, फक्त मागं होता.

"माणूस वाढतोच," ते म्हणाले. "पण सगळीकडून नाही."

तिसऱ्या साच्याला त्यांनी मागून वरपासून टाचेपर्यंत उभी चीर ठेवली, दोन्ही कडांना ओळीनं भोकं पाडली आणि त्यातून नाडी ओवली. सकाळी आवळायची, दुपारी सोडायची. भाचीनं चित्र बराच वेळ पाहिलं आणि या चिरेला काय नाव देऊ म्हणून विचारलं. फाइलमध्ये प्रत्येक भागाला नाव लागतं.

"माया लिही," मामा म्हणाले.

महिना संपायला दोन दिवस होते. बहीण नेहमीसारखी पायरीवर येऊन कोपर पुढं करून उभी राहिली. मास्तरांनी नाडीची गाठ मारली, त्यावर जोडा चढवला, टेप गळ्यात टाकला आणि तिच्या कोपराला वळसा घालून गल्लीत उतरले. बोटं कुठं अडकली नाहीत. सायकलच्या दुकानापाशी ते वाकले, मागची नाडी जराशी सैल केली आणि वळणावरून गेले. मागं पाहिलं नाही.

बहीण पाहत राहिली. सायकलवाल्यानं हात कशाला वर धरलाय म्हणून विचारलं, तेव्हा तिनं कोपर खाली घेतलं आणि आपलं सामान बांधायला आत गेली.