भागरथाबाईकडचा शेवट

चंद्रपूरच्या स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुस्तक या गावात आहे, मी ते घेणार आणि परवाच्या गाडीने पुण्याला परतणार. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत माझा अंदाज सहसा चुकत नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात चालली आहे, त्यामुळे कागदाच्या वासावरून मी पुस्तकाचं वय सांगते आणि लोक मला आगाऊ म्हणतात. दोन्ही खरं आहे.

पुस्तकाचं नाव ‘सात कुलपांची नगरी’. कुमारवयाच्या मुलांसाठी लिहिलेली अद्भुत कादंबरी, एकूण पाच भागांची. तारा आणि वेणू या दोघी बहिणी एका कुलूपबंद नगरीत सापडतात आणि एकेक किल्ली शोधत घरची वाट धरतात. मी नऊ वर्षांची आणि ताई चौदाची असताना आम्ही गल्लीतल्या वाचनालयातून चार भाग आणून एकाच गोधडीत वाचले. चौथ्याच्या शेवटी सातवा दरवाजा बंद होतो. तारा आत, वेणू बाहेर. पाचवा भाग कुणीतरी नेला तो परत आलाच नाही आणि पुढे ते वाचनालयही उठलं. तीस वर्षं वेणू बिचारी दाराबाहेर उभी होती.

मोठेपणी फुटपाथवर मला पहिला, दुसरा आणि चौथा सापडला. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी ते वाचते, कुणी हसलं तरी. ताई मात्र वाचू शकत नाही. तिची नजर दोन वर्षांपासून अधू होत चालली आहे आणि आता ती माणसं आवाजावरून ओळखते. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. “तेवढा शेवट मला वाचून दाखव. उगाच मनचा सांगू नकोस, मला कळेल.” म्हणून चंद्रपूरला बदली झालेल्या मैत्रिणीने रद्दीच्या दुकानात पाचवा भाग पाहिल्याचं पत्र पाठवलं, तेव्हा मी रजेचा अर्ज टाकूनच जेवायला बसले.

जटपुरा दरवाजाजवळच्या एका गल्लीत ते दुकान होतं. गाईडं, पंचांगं, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि मधोमध मालक. मी पुस्तकाचं नाव सांगितलं तसं त्यांनी मान हलवली.

“तो भाग? गेला ना बाई. आरमोरीकडचे एक गुरुजी येतात महिन्या-दीड महिन्यानं. पाचही भाग एकखट्टे नेले त्यायनं.”

“पत्ता आहे?”

“गावाचं नाव सांगतो. पन काऊन जी, पुन्याहून एका पुस्तकासाठी आल्या का?”

“एका पानासाठी,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा सांभाळून पाहिलं आणि चहा मागवला.

मूल, सावली, गडचिरोली करत एस.टी.ने आरमोरी गाठायला दुपार झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग आणि बांबू, मध्येच जंगल बाजूला सरून बांध्या (धानाची शेतं) दिसत. कापणी उरकली होती, खळ्यांवर तणसाचे (धानाच्या काडाचे) पिवळे ढीग लागले होते. वैनगंगेच्या पुलावर सगळी बस खिडकीशी आली, जणू नदी कालपर्यंत तिथे नव्हती. आरमोरीच्या स्टँडवर मी आलूपोंगा खाल्ला. पिवळ्याधमक नळ्या आणि वर बटाट्याचा तिखट रस्सा. डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दुसरी प्लेट घेतली.

पुढच्या बसच्या कंडक्टरने मला फाट्यावर उतरवलं. “तलावाच्या पाळीनं जा, गाव दिसतेच,” तो म्हणाला. गाव दिसलं खरं, पण त्याआधी पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) माझा पाय घसरला आणि मी गुडघाभर चिखलात उभी राहिले. उजवी चप्पल तलावाने ठेवून घेतली. एक चप्पल हातात घेऊन मी गावात शिरले, आणि अशा थाटात शिरलेल्या बाईला गुरुजींचं घर विचारावं लागत नाही. लोक स्वतःच नेऊन सोडतात.

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. उंच, सावळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या बायकोने आधी मला पाय धुवायला पाणी दिलं, मग स्वतःच्या चपला दिल्या, मग भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा वाढला. माझं जेवण होईपर्यंत कशाला आलात हे कुणी विचारलं नाही. मी सांगितल्यावर गुरुजी उठले आणि फळीवरून एक रिकामा पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. ‘सात कुलपांची नगरी, भाग पाचवा’. आत पान नव्हतं.

“हे काय?” माझा आवाज चढला. “पुस्तक फाडलंत तुम्ही?”

“फाडलं म्हनू नका बाई. गावाले वाटून दिलं म्हना.”

मग उलगडा झाला. गावात पुस्तकाची प्रत एक आणि वाचणारे पन्नास. धान कापून झालं की हात रिकामे होतात आणि सगळ्यांना एकदमच वाचायचं असतं. तेंदूपत्त्याच्या हंगामात हेच लोक पानांची पुडकी बांधतात. गुरुजींनी तीच रीत पुस्तकाला लावली. प्रत्येक प्रकरण सुटं करून शिवायचं, सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं वेष्टण घालायचं आणि घरोघर द्यायचं. वाचून झालं की पुढचं पुडकं शेजारच्या घरातून आणायचं. मला राग आवरेना आणि कौतुकही आवरेना. पुस्तकं जपून ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, इतकी वापरणारी पाहिली नव्हती.

“मग शेवटचं प्रकरण कुणाच्या घरी आहे?”

गुरुजी हसले. “शेवटाची भानगड झाल्ती. एकानं डोंग्यात बसून दुसऱ्याले शेवट सांगून टाकला. झोंबाझोंबी झाली, डोंगा उलटला, जाळं गेलं. तवापासून सगळ्या पुस्तकायचे शेवट भागरथाबाईकडे असतात. तिले वाचता येत नाई. तिच्याकडून फुटत नाई.”

भागरथाबाई ढिवराच्या (मासेमारी करणाऱ्या) घरातली. सत्तरीची असेल. अंगणात बसून जाळं सांधत होती. मी माझी सगळी कहाणी सांगितली, ताईचे डोळेही सांगितले, आणि हात पुढे केला. तिने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पयले सांग.”

“काय सांगू?”

“कहानी. पयल्यापासून. जो वाचून येते तो मले सांगते, मंग शेवट भेटते. मी का फुकट राखू का?”

मी मनात म्हटलं, एवढंच ना! माझा हातखंडा. पदर खोचून बसले आणि सुरू झाले. पहिला भाग, दुसरा भाग. आजूबाजूला दोन बाया येऊन टेकल्या. मी रंगात आले. तिसऱ्या भागातला पूल आला. खाली पूर, मागून नगरीचे पहारेकरी, आणि थोरली तारा धाकटीचा हात सोडून पलीकडे पळून जाते.

“थांब वं,” भागरथाबाई म्हणाली. तिची सुई थांबली होती. “तारानं नाई सोडला हात. लहानीनं झटकला.”

“नाही हो बाई. मी हे नऊ वर्षांची असताना वाचलंय.”

“वाचलं असशीन. ध्यान कुठी होतं तुहं? जा, वाचून ये.”

आणि तिने पुन्हा सुई चालवली. मला नापास केलं! वीस वर्षं इतरांच्या चुका काढून पगार घेणाऱ्या मला, एका अक्षरशत्रू बाईने. मी तरातरा निघाले, केवळ तिला खोटं पाडायला. तिसऱ्या भागातलं ते पुडकं एका खळ्यावर होतं. धान पाखडणाऱ्या बाईने लुगड्याला हात पुसून ते आणून दिलं. तणसावर बसून मी पान शोधलं.

‘वेणूला पाण्याच्या काठाशी किल्ली चमकताना दिसली. ताराने घट्ट धरलेला हात तिने झटकला आणि ती खाली वाकली.’

मी ते तीनदा वाचलं. पुढे गर्दीचा लोंढा येतो आणि ताराला पलीकडे रेटत नेतो. ती ओरडत असते. हे सगळं छापलेलं होतं, स्वच्छ, एकही मुद्रणदोष नसलेलं. तिसरा भाग मला पुन्हा कधी मिळाला नव्हता, त्यामुळे तेवढा मी आठवणीतूनच वाचत आले होते. आणि आठवणीत मी वेणूला, म्हणजे मला, सोडवून घेतलं होतं. लहानपणी भांडण झालं की ताईला मी हेच ऐकवायचे, “तू तारासारखीच, हात सोडून पळणारी.” ती सासरी गेली तेव्हाही ऐकवलं होतं. त्या तणसावर मला फार शरम वाटली.

मी आणखी दोन दिवस राहिले. चपला गुरुजींच्या बायकोच्या, जेवण सगळ्यांचं. घरोघर फिरून पाचव्या भागाची पुडकी वाचली. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या गोठ्याशी, एक तर चुलीपुढे बसून, कारण त्या घरच्या सुनेला मी वाचताना ऐकायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी भागरथाबाईपुढे जाऊन पहिल्यापासून सांगितलं. पुलाशी आले तेव्हा तिने वर पाहिलं. मी म्हटलं, “वेणूनं हात झटकला.” ती म्हणाली, “हां. पुढं?”

मग तिने घरातून शिबलं (बांबूची टोपली) आणलं. त्यात कितीतरी पुस्तकांचे शेवट एकावर एक रचलेले होते आणि सगळ्यांना सुक्या मासोळीचा वास येत होता. माझं पुडकं काढून दिलं. मी मोठ्याने वाचू लागले. वाचता वाचता लक्षात आलं, तिचे ओठ हलत होते, माझ्यापेक्षा एक शब्द पुढे. वेणू सातव्या दरवाजापर्यंत आली, तिने कडी वाजवली, मी पान उलटलं आणि पुढे काही नव्हतं. कुरतडलेली कडा तेवढी.

“उंदरानं नेलं,” भागरथाबाई शांतपणे म्हणाली. “मासोळी याच शिबल्यात ठेवतो ना.”

मी गुरुजींकडे धावत जाऊन आले. गुरुजींनी ते पान एकदाच वाचलं होतं, त्यांना धड आठवत नव्हतं. दुसरी प्रत कुठे आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “मग मी ताईला काय वाचून दाखवू?”

“काऊन रडतं? सगळे शेवट माह्यासमोरच वाचतात मोठ्यानं. मले येते ना. लिव.”

आणि तिने सांगितलं. मी पुडक्यातलं प्रकरण आधी वहीत उतरवून काढलं, कारण मूळ न्यायला तिने साफ नकार दिला. “तू नेशीन तं इथचे काय आयकतीन?” त्याखाली तिचं पान लिहिलं. बाकी भाग लिहायची गरज नव्हती, तो मला आता खरंच येत होता.

परतीच्या बसमध्ये वही मांडीवर घेतली आणि धंद्याची सवय उसळून आली. आख्खी कादंबरी शुद्ध पुस्तकी भाषेत आणि शेवटचं पान असं? पेन काढून मी ‘मीच आहे, दार उघड’ असं दुरुस्त करून पाहिलं. लगेच खोडलं. त्या वाक्यात चालून चालून थकलेलं कुणी नव्हतंच. मी पेनाला टोपण घातलं आणि खिडकीबाहेरचं जंगल पाहत बसले.

पुण्यात ताईला सगळं सांगायला चार संध्याकाळी लागल्या. पाचवा भाग तोंडी सांगितला, शेवटचं प्रकरण वहीतून वाचलं आणि पानाशी थांबून तिला उंदराची आणि भागरथाबाईची सगळी हकिकत सांगितली. मनचं काही नको, हे तिनेच बजावलं होतं. “वाच,” ताई म्हणाली. मी वाचलं.

‘आतून आवाज आला, कोन व्हय? वेणू म्हने, मीच व्हय. दार उघड वं बाई (तिकडे थोरल्या बहिणीलाही बाई म्हणतात). लय चालून आली मी. आतून म्हने, एवढा टाइम काऊन लागला? वेणू म्हने, रस्ता चुकली होती. आता आली ना. मंग दार उघडलं. तारा म्हने, ये. पाय धू. भात उतरवला हाये.’

लेखकाने भात उतरवला नसणार, एवढं मला मुद्रितं न पाहताही कळतं. त्याने काय लिहिलं होतं हे जाणून घ्यायची मात्र आता मला हौस नाही.

ताईने मान हलवली. मग म्हणाली, “येणारच होती ती. हात तिनेच झटकला होता ना.”

मी वही मिटली. “तुला माहीत होतं?”

“पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून.”

“मग मी इतकी वर्षं तुला बोलत होते, तेव्हा एकदाही सांगितलं का नाहीस?”

“तू नऊ वर्षांची होतीस,” ताई म्हणाली. “रडली असतीस.”

मग तिने चाचपडत माझा हात शोधला, आणि मी चाळिशीची बाई रडले.