पाट्याखालची पुस्तकं

आई महाल भागातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवायची. उन्हाळ्याच्या सुटीआधी वाचनालयातली फाटकी पुस्तकं शिक्षिकांमध्ये वाटली जात. सुटीत ती शिवून, चिकटवून जूनमध्ये परत द्यायची, अशी त्या शाळेची रीत. सत्तरच्या दशकातला एक उन्हाळा मला नीट आठवतो, कारण त्या वर्षी इतर बाया गावी जाता जाता "तुम्ही तर इथंच आहात" म्हणत आपापला वाटा आमच्या धरमपेठेतल्या घरी सोडून गेल्या. एक पोतं आवरत नाही तोवर सायकलरिक्षातून दुसरं उतरे. सगळी लहान मुलांची पुस्तकं.

आई कुणालाच नाही म्हणाली नाही. वाचनालय सांभाळणाऱ्या बाई निवृत्त होणार होत्या आणि कपाटांची किल्ली कोणाकडे द्यायची, ते शाळा उघडल्यावर ठरणार होतं. ती किल्ली आईला हवी होती. जेवताना तिनं बाबांना तसं सांगितलं, तेव्हा मी शेजारीच बसले होते.

ढिगाची व्यवस्था मी माझ्याकडे घेतली. शिवायची खिडकीखाली, वाळणारी मधल्या खोलीत, वाचायची माझ्या चटईजवळ. शिवलेलंच पुस्तक वाचायचं, हा आईचा नियम. काम सकाळीच उरकावं लागे, कारण दुपारी खळ लावता लावता वाळायची आणि पुठ्ठे पापडासारखे वळायचे. खळीत कीड लागू नये म्हणून विषारी मोरचूद घातलेलं, म्हणून बोट जिभेला लावून पान उलटायची बंदी. चिकटवलेली पुस्तकं आई पाट्याखाली दाबून ठेवायची. मी ती सुटायची वाट पाहत स्वयंपाकघरात घुटमळायचे.

"मले वाटण करायचं आहे अन् पाट्याखाली तुझी राजकन्या," आई म्हणायची. "उचल तिले."

दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून मी वाचत बसे. एका पुस्तकात दोन भावंडं होडीतून बेटावर जातात. बेटावर पाय ठेवतात न ठेवतात, तोच राजाचा दरबार भरतो आणि धोब्याच्या गाढवाची साक्ष सुरू होते. मला हे फार आवडलं. भावंडं कुठं गेली? मी ठरवलं की नावाड्यानं थोरल्याचं गाढव केलं असणार आणि धाकटी धोब्याच्या घरी लपली असणार. पुढं भावंडं पुन्हा होडीत बसून परत निघाली, गाढवाचा उल्लेखही नाही. लेखक विसरला म्हणावं, तर असा कसा विसरेल? मी मागून पुढून पुन्हा वाचलं.

दोन दिवसांनी पाट्याखालून दुसरं पुस्तक निघालं. धोबी, गाढव, राजाचं बोलावणं, आणि मग ऐन दरबारात ती दोन भावंडं ओल्या लाकडांनी शेकोटी पेटवत बसलेली.

मी दोन्ही पुस्तकं उघडून आईसमोर ठेवली. एकाच मालेतली, एकाच मापाची. उसवताना मधल्या पानांच्या जुड्या एकमेकींच्या जागी गेल्या होत्या. आई पानांचे आकडे लावूनच शिवायची, आणि आकडे दोन्हीकडे अगदी बरोबर जुळत होते.

शेजारच्या काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. "आकडे बरोबर आहेत ना? मग राहू दे वं. शाळेत आकडेच पाहतात. वाचते कोण?"

"ही वाचून राहिली ना," आई म्हणाली. तिनं ढिगाकडे पाहिलं. शिवून झालेला ढीगच आता मोठा होता. "अजून कशाकशात काय शिवलं असन कोणाले माहीत."

तिनं दोन्ही पुस्तकांचे कणे ओल्या फडक्यानं भिजवले आणि टाके कापले. दुसऱ्या दिवसापासून मोहल्ल्यातली पोरं दुपारी आमच्याकडे. प्रत्येकाला एक पुस्तक, आणि गोष्ट कुठं अडखळली तर आईला हाक मारायची. वाचता न येणाऱ्यांना मी वाचून दाखवायचे.

"बाई, याच्यातला वाघ मेला होता अन् आता जेवून राहिला," एक मुलगा म्हणाला.

आईनं शिवण तपासली. शिवण बरोबर होती. "हा वाघ लिहिणाऱ्याचाच आहे. मी काही करू शकत नाही."

खरी अदलाबदल आणखी एका जोडीत सापडली. तीही तिनं उसवली.

शाळा उघडली त्या दिवशी ती पोती घेऊन गेली आणि संध्याकाळी नुसती पिशवी घेऊन परतली. मी दारातच विचारलं, "किल्ली?"

"आमच्यातल्या एका जुन्या बाईंकडे गेली. त्यांची पाळी होती."

"काहून? तू गाढवाचं सांगितलं का?"

"सांगितलं. हसल्या. त्यानं किल्ली गेली नाही. नोकरीत सगळ्यात जुन्या त्या, म्हणून त्यांची पाळी." तिनं माठातलं पाणी घेतलं, पायरीवर बसून पूर्ण प्यायली. तिला वाईट वाटलं होतं, ते मला दिसत होतं. मग म्हणाली, "दिवाळीच्या सुटीतही पुस्तकं पाठवा म्हटलं मी. साऱ्याच कपाटांत असं उलटसुलट शिवलेलं असन. एका उन्हाळ्यात सारं वाचून होत नाही."

"पाठवतील?"

"हो म्हणाल्या."

"त्यात आपण न वाचलेली किती असतील?"

"मले काय माहीत," आई म्हणाली. "आली की सांग तूच."